उताराला ट्रॉली मागनं ढकलते, न्यूट्रल टाकू का? आणि बोलेरो रस्त्यात गरम झाली तर?

भावा, बाकीच्यांना कळावं म्हणून तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. बेळगावच्या खानापूर तालुक्यातला पोरगा, जुना ५० एचपीचा ट्रॅक्टर आणि दोन चाकी ट्रॉली घेतलीय, उन्हाळ्यात विटा आणि हंगामात ऊस असा धंद्याचा विचार आहे. उताराला ट्रॉली मागनं ढकलते, ट्रॅक्टरचं मागचं अंग हलतंय, आणि वडील म्हणतात न्यूट्रल टाक, डिझेल वाचतंय. वर घरची बोलेरो चोर्ला घाटाच्या वाटेवर गरम व्हायलीय. मी बेळगावात उद्यमबागेत ट्रॉल्या आणि गाड्यांचंच काम करतो, बरीच वर्षं झाली, त्यामुळं जरा लांब लिहितोय, सवडीनं वाच.

न्यूट्रल टाकायचं नाही. वडिलांना मान आहेच पण या एका गोष्टीत त्यांचं ऐकू नकोस. हिशोब कर की तूच. एक वीट तीन किलोची धर, दोन हजार विटा म्हणजे ६ टन, ट्रॉलीचं स्वतःचं वजन दीड टन धर, झाले साडेसात. तुझा ट्रॅक्टर दोन-सव्वादोन टनाचा. म्हणजे जवळजवळ दहा टनाचं धूड आहे आणि ब्रेक कुठं आहेत, तर ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. बस. ट्रॉलीला ब्रेक नाहीत, आपल्याकडं हिंडूलायत त्यातल्या बहुतेक ट्रॉल्यांना नसतातच. आणि वीसचा स्पीड चाळीस झाला की थांबवायला दुप्पट नाही, चौपट जोर लागतो. ट्रॅक्टर घेताना सगळे विचारतात किती टन ओढतोय, पण किती टन थांबवतोय हे कोण विचारत नाही.

डिझेलचं म्हणशील तर तेबी वाचत नाही. गिअरमध्ये ठेवून रेस सोडलीस की पंपाचा गव्हर्नर, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारा भाग, डिझेल जवळजवळ तोडतोच, कारण इंजिन तेव्हा चाकांच्या जोरावर फिरत असतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन स्वतःच्या जिवावर चालू ठेवायला डिझेल घेतं. हे वडिलांना सांगून बघ, पटंल.

ज्या गिअरमध्ये तो चढ भरल्या ट्रॉलीनं चढला असतास त्याच गिअरमध्ये उतरायचं. आणि तो गिअर उताराच्या वर, सपाटीला असतानाच टाकायचा, अर्ध्या उतारात नाही. अर्ध्यात क्लच दाबलास की तेवढ्या दोन सेकंदात ट्रॉली ट्रॅक्टरला पुढं रेटते, स्पीड वाढतो, आणि मग खालचा गिअर पडत नाही, नुसता करकर वाजतो. तिथनं पुढं मग देवच. क्लचवर पाय ठेवून बसायची सवय असली तर तीबी मोड.

मागचं अंग हलतंय म्हणतोस ते काय होतंय बघ. ट्रॉलीचा दांडा ट्रॅक्टरला बरोबर मागनं ढकलतो तोवर चालतं, पण ट्रॅक्टर जरा वळला, वळणावर किंवा खड्डा चुकवायला, की तोच धक्का तिरका बसतो आणि ट्रॅक्टरची मागची बाजू बाहेर फेकतो. अजून जोर झाला की दोघांची कात्री होते, म्हणजे ट्रॅक्टर आणि ट्रॉली मधनं दुमडतात. हलायला लागलं की घाबरून ब्रेक कचकन दाबायचा नाही, स्टेअरिंग झटक्यानं फिरवायचं नाही. ब्रेक सोड, स्टेअरिंग सरळ धर, पुढं रस्ता मोकळा असला तर किंचित रेस दे म्हणजे ट्रॅक्टर ट्रॉलीला परत ओढायला लागतो आणि दोघं एका रेषेत येतात, मग हलक्या हलक्या दाबानं स्पीड कमी कर. पण खरं सांगू का, ही वेळ आली म्हणजे तू वर सपाटीलाच चुकीचा गिअर घेतलेला असतोस किंवा माल चुकीचा भरलेला असतो.

अजून एक, ब्रेकचे दोन पेडल. शेतात वळायला डावा-उजवा वेगळा लागतो म्हणून दोन्ही पेडल जोडणारी मधली पट्टी काढून ठेवतात आणि मग तसाच ट्रॅक्टर रोडला आणतात. ट्रॉली मागं असताना एकच पेडल दाबला गेला तर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर जागेवर फिरतो. रोडला यायच्या आधी पट्टी लावायची म्हणजे लावायची. आणि पट्टी लावली म्हणून झालं असंबी नाही, दोन्ही ब्रेक सारखे धरायला पाहिजेत. मोकळ्या माळावर रिकामा ट्रॅक्टर हळू चालवून दाबून बघ, मातीत दोन्ही चाकांच्या घसरलेल्या खुणा सारख्या लांबीच्या पडल्या पाहिजेत. एक लांब एक आखूड असली तर ॲडजस्ट करून घे.

आता माल भरणं. दोन चाकी ट्रॉलीत वजन एक्सलच्या जरा पुढं पाहिजे, म्हणजे दांड्यावर थोडा भार येतो, एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास किंवा किंचित जास्त. मागं जास्त भरलास की दांडा वर उचलतो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात, आणि ब्रेक तर तिथंच आहेत. म्हणजे थांबवणारी चाकंच जमिनीवर नीट टेकत नाहीत. तुझं मागचं अंग हलायचं कारण मला तर हेच वाटतंय. उलट पुढं अतीच भरलास तर चढाला ट्रॅक्टरचं नाक वर यायला बघतं, स्टेअरिंग हलकं लागतं. विटांना सोपं आहे, आधी एक्सलच्या बरोबर वर थर लाव, मग पुढं, मग मागं, आणि मागचे थर पुढच्यापेक्षा कमीच ठेव. भट्टीवरची माणसं फाळका मागं असतो म्हणून मागनंच भरत सुटतात, त्यांना उभं राहून सांगावं लागतं. उतरवतानाबी पुढच्या विटा आधी काढू देऊ नकोस, मागचं वजन राहिलं आणि दांडा ट्रॅक्टरला जोडणारी पिन काढलेली असली तर दांडा उसळतो, पुढं वाकलेल्या माणसाच्या हनुवटीवर बसतो.

पिनवर जरा जास्त लिहितो कारण यातच लोक कंजूषपणा करतात. माझ्याकडं आलेल्या ट्रॉलीची पिन मी पहिल्यांदा काढून हातात घेतो. नवी असते तेव्हा वरपासनं खालपर्यंत सारखी गोल असते, आणि वापरून वापरून बरोबर मध्ये, दांड्याचा डोळा, म्हणजे टोकाचं भोक, घासतो तिथं, कंबर पडते. अंगठ्यानं फिरवून बघितलंस की खाच लागते. एका बाजूला खाच आणि दुसऱ्या बाजूला कडेला धातू दबून पापुद्रा आलेला असतो, बोटाला लागतो तो. अशी पिन परत लावायची नाही. एक फिरवून दुसरी बाजू वापरूया म्हणणारेबी भेटतात, नको. पिनसारखाच डोळाबी झिजतो, गोलाचा लांबट होतो, आणि मग गिअर बदलताना, ब्रेक दाबताना खाड-खाड आवाज येतो. तो आवाज म्हणजे प्रत्येक वेळी हातोडा बसतोय पिनवर. लेथवर चांगल्या स्टीलची, ईएन एटची पिन करून घे, एका जेवणाच्या बिलाएवढा खर्च येतो. सळईचा तुकडा नको, कुठलातरी बोल्ट तर नकोच, बोल्टाचे आटे म्हणजे आधीच पाडलेल्या चिरा असतात. आणि पिनच्या खाली क्लिप पाहिजे, तारेचा पीळ नाही. खड्ड्यातनं जाताना पिन वर वर सरकते आणि क्लिप नसली तर कधी बाहेर पडली कळत नाही.

पिन तुटली तरी ट्रॉली सुटून जाऊ नये म्हणून साखळी. दोन साखळ्या, दांड्याच्या खालनं एकमेकींना क्रॉस करून, वळायला पुरेल एवढ्याच ढिल्या. क्रॉस कशाला, तर दांडा पडला तर साखळीच्या झोळीत पडावा, रोडमध्ये रुतू नये. आपल्याकडं हे कोण करत नाही म्हणून तू पण करू नकोस असं नाही.

आणि टोचन नेहमी खालच्या हुकालाच. चिखलात रुतलेली ट्रॉली काढायला टॉप लिंकच्या, म्हणजे सीटमागच्या वरच्या दांड्याच्या, जागी किंवा एक्सलच्या वर साखळी बांधून ओढायचा प्रकार मी बघितलाय. ओढ एक्सलच्या वरनं लागली की ट्रॅक्टर पुढनं उचलतो आणि मागं उलटा पडतो, आणि हे एवढ्या झटक्यात होतं की क्लच दाबायला पाय पोचत नाही. रुतली तर माल उतरव, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर बोलव, पण बांधायचं खालीच.

ट्रॉलीची चाकं म्हणजे सगळ्यात दुर्लक्षित जागा. हंगामाच्या आधी हब उघडून जुना ग्रीस काढ, बेअरिंग रॉकेलनं धुऊन डाग, टवके बघ, नवा ग्रीस भर. जॅकवर चाक उचलून वर-खाली धरून हलव, खडखड झाली तर बेअरिंग ढिलं. पहिल्या भरल्या खेपेला थोडं गेल्यावर थांबून हबला हात लाव, हात ठेववत नाही इतका गरम असला तर काहीतरी चुकलंय. चाक काढून परत लावलं असलं तर ५०-१०० किलोमीटरनंतर नट परत आवळायचे. कमानपाट्याचे यू-बोल्टबी तेव्हाच बघून घे. टायर जुनेच घालतात सगळे, ते मला माहीत आहे, निदान बाजूच्या भिंतीला चिरा असलेला घालू नकोस. टायरवर चार आकडे असतात, ३२१९ असलं तर २०१९ सालातल्या ३२ व्या आठवड्यातला. गोटा झालेला टायर दिसतो तरी, वय झालेला नुसता बघून कळत नाही.

उसाचं वेगळं. फडातनं पाणंदीनं बाहेर येईस्तोवर मागचे लाल रिफ्लेक्टर चिखलानं भरतात, आणि वरनं पाचट-वाढे लोंबून लाईटबी झाकतात. मग अशी ट्रॉली अंधारात हायवेला किंवा निपाणी-चिकोडी-अथणीच्या रोडला लागते आणि मागनं मोटारसायकलवाला सरळ उसात घुसतो. दर हंगामात असं होतंयच. रोडला लागायच्या आधी उतरून पोत्यानं पुसायचं, दोन मिनिटाचं काम. मागं लाल, बाजूला पिवळे, पुढं पांढरे असा नियम आहे. उसाच्या मोळ्या ट्रॉलीच्या मागं बाहेर येतात त्यामुळं बॉडीवरचा रिफ्लेक्टर आत राहतो, म्हणून एका पत्र्याच्या पाटीवर लाल टेप चिकटवून ती तारेनं उसाच्या शेवटच्या टोकाला अडकव. दोन ट्रॉल्या जोडणार असलास तर मागच्या ट्रॉलीचं काय चाललंय ते तुला दिसतबी नाही आणि त्या गाण्याच्या मोठ्या टेपच्या आवाजात ऐकूबी येत नाही. गाणी बंद कर म्हणत नाही, म्हटलं तरी तू ऐकणार नाहीस, निदान उताराला बारीक कर. आणि तुझ्यासारख्या नव्यानं पहिल्या हंगामात एकच ट्रॉली ओढावी हे माझं मत.

उंच भरलेला ऊस वरच्या लाईनला लागला तर खाली उतरायचं नाही. सीटवरच बसून राहा, धातूला हात लावू नकोस, आजूबाजूच्यांना लांब राहायला ओरडून सांग, १९१२ ला हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, नाहीतर ११२ ला फोन करून लाईन बंद करायला लाव. करंट लागतो तो ट्रॅक्टर आणि जमीन दोन्हीला एकदम हात-पाय लागले की. आगच लागली आणि उतरावंच लागलं तर दोन्ही पाय जुळवून लांब उडी मार, ट्रॅक्टरला न धरता, आणि तसेच पाय जुळवून उड्या मारत लांब जा.

आता बोलेरो. तू वीटभट्टीवर तीच गाडी नेतोस ना? तर आधी रेडिएटर बघ. भट्टीची बारीक लाल धूळ जाळीत बसते, वरनं तेल-पाणी मिळून थर होतो आणि वारा पलीकडं जातच नाही. सपाटीला चालतंय, घाटात गरम होतंय, याचं हे पहिलं कारण. पाण्याच्या हलक्या धारेनं, इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला धू, प्रेशरची गन जवळ धरून जाळीच्या पट्ट्या वाकवू नकोस. मग फॅन बेल्टला चिरा किंवा ढिलेपणा, मग रेडिएटरच्या कॅपचं रबर, मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह. आणि नुसतं बोअरचं पाणी घालत असशील तर बंद कर, आतनं क्षार धरतो, कूलंट घाल.

काटा वर चढायला लागला की एसी बंद, काचा खाली, हीटर फुल. उन्हात हीटर म्हणजे वेड्यासारखं वाटंल पण तो इंजिनचीच उष्णता बाहेर काढतो. बाजूला घे, वाफ नसली तर दोन मिनिटं हळू चालू ठेव मग बंद कर, वाफ येत असली किंवा लाल लाईट लागली असली तर लगेच बंद. कॅप उघडायची नाही. आत दाब असतो म्हणून पाणी १०० अंशाच्या वर जाऊनबी उकळत नाही, कॅप सोडली की सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. निदान अर्धा तास थांब, वरची नळी हातानं दाबून थंड लागली की मगच, जाड फडकं धरून. तापलेल्या रिकाम्या इंजिनात गार पाणी ओतलंस तर हेडला चीर, आणि मग माझ्याकडं मोठं बिल.

चोर्ला उतरताना बोलेरोलाबी तोच नियम, गिअर. दुसऱ्यात उतर, ब्रेक चिकटवून ठेवू नकोस. जळाल्याचा वास आला तर बाजूला थांब, आपोआप थंड होऊ दे, चाकावर पाणी मारू नकोस. ब्रेक ऑईल दर दोन वर्षाला बदल, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि जांबोटी-कणकुंबीच्या पावसात हवेत पाण्याशिवाय काय असतं. त्या ऑईलमधलं पाणी घाटात उकळतं आणि पेडल मऊ होऊन खाली जातो.

बॅटरी उतरली आणि दुसऱ्या गाडीवरनं वायर लावून चालू करायची असली तर आधी प्लसला प्लस, मग चालू गाडीचा मायनस, आणि शेवटचा चिमटा बंद गाडीच्या बॅटरीला नाही तर इंजिनच्या कोऱ्या लोखंडाला, बॅटरीजवळ ठिणगी नको म्हणून. चालू झाल्यावर बॅटरीला मीटर लाव, १३.८ ते १४.५ व्होल्ट दाखवलं तर अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा, बरा आहे. डिझेल संपून हवा धरली तर फिल्टरवरचा हातपंप मार, पण तुझी सीआरडीआय, म्हणजे नव्या पद्धतीच्या जास्त दाबाच्या डिझेल इंजिनाची, असली तर इंजेक्टरच्या पाईपचे नट सोडायचे जुने प्रकार करू नकोस, आत हजार बारच्या वर दाब असतो, कातडी फोडून डिझेल आत जातं.

रस्त्यात बंद पडलीच तर गाडी नंतर, माणसं आधी. इंडिकेटर चारी लाव, बायका-पोरांना डाव्या बाजूनं उतरवून कठड्याच्या पलीकडं उभं कर, गाडीच्या मागं कुणी उभं राहायचं नाही. मग ट्रँगल. लोक तो बंपरला टेकवून ठेवतात, त्याचा काय उपयोग? ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच ४० मीटर गेले. गावच्या रोडला ५० मीटर, हायवेला १०० तरी पाहिजे, आणि वळण किंवा चढाच्या पलीकडं बंद पडली असली तर वळणाच्या अलीकडं. ट्रँगल नसला की दगड-फांद्या टाकतात, टाक, पण निघताना सगळे उचलून बाजूला टाकल्याशिवाय निघायचं नाही, रात्री ते दगड दुचाकीवाल्याच्या जिवावर येतात. ट्रॉली असली तर थांबल्या-थांबल्या चाकाला दगड, उताराच्या बाजूनं, दोन्ही चाकांना.

नॅशनल हायवेला १०३३, बाकी सगळीकडं ११२, ॲम्ब्युलन्सला १०८. सीमेवरच्या कोगनोळीच्या आसपास, नदीजवळ असलास तर मोबाईल पलीकडचा टॉवर धरतो आणि ११२ महाराष्ट्राच्या कंट्रोलला लागू शकतो, म्हणून पहिल्यांदा सांग कर्नाटकात आहे का महाराष्ट्रात, मग जवळचं गाव, मग किलोमीटरच्या दगडावरचा आकडा. पिवळ्या डोक्याचा दगड नॅशनल हायवेचा, हिरवा स्टेट हायवेचा. कणकुंबीच्या पुढं रेंजच गेली तर बेळगाव-पणजी बसच्या कंडक्टरकडं निरोप दे, ती माणसं पोचवतात.

टोचन करून न्यायची वेळ आली तर गाडीच्या हुकालाच दोर बांध, बंपरला किंवा स्टेअरिंगच्या रॉडला नाही. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वीसच्या आसपास स्पीड. मागच्या गाडीची चावी ऑन पाहिजे नाहीतर स्टेअरिंग लॉक होतं, आणि इंजिन बंद म्हणजे ब्रेक दगडासारखा लागणार, पूर्ण जोर लावून दाबायचा. घाटात दोरानं टोचन नकोच, क्रेन मागव.

कागदाचं एवढंच, ट्रॉलीचा नंबर वेगळा असतो, तिचंबी रजिस्ट्रेशन आणि विम्यात नाव आहे का बघ. शेतीच्या नावावरच्या ट्रॉलीतनं भाड्यानं विटा नेताना काही झालं तर विमा कंपनी हात वर करते, आणि मडगार्डवर किंवा विटांवर बसवलेल्या माणसांचं तर कुणीच काय देत नाही.

तर पहिलं काम, पिन काढून मधल्या घासलेल्या जागेचं आणि वरच्या न घासलेल्या जागेचं माप घे, डोळ्याचं आतलं माप आडवं आणि उभं दोन्ही घे, व्हर्निअर नसला तर कुठल्याबी लेथवाल्याकडं मिळंल. ती चार मापं इथं टाक, मग सांगतो डोळ्यात बुश, म्हणजे आतली कडी, ठोकून भागतंय का डोळाच कापून नवा वेल्ड करायचा.